डावी वात

संग्रामने दिवे डिशवॉशरमध्ये लावले ते प्रेमापोटी लावले, हे पुढे कुणीच मान्य केलं नाही.

त्याच्या मते विचार साधा होता. दिव्यांची अवस होती. आईला घरातले सगळे दिवे धुऊन पाटावर मांडायचे होते. आणि स्टेट कॉलेज या युनिव्हर्सिटीच्या गावातल्या या घरात समई एक, निरांजनं दोन, आणि बाकी सगळे बाबांनी आयुष्यभर जमवलेले जुने अमेरिकन काचेचे दिवे. वीज यायच्या आधी इथल्या घराघरांत रॉकेलवर जळायचे ते. बाबा नोव्हेंबरात गेले. घर विकून झालं होतं, आणि महिनाअखेरीस आई संग्रामकडे सांता क्लाराला जाणार होती. तळघरातले बरेचसे दिवे बाबांच्या दिवेवाल्या मित्रांनी आधीच नेले होते. प्रत्येक जण दिवा छातीशी धरून, मूल दत्तक घेतल्यासारखा हळू ड्राइव्ह करत गेला होता. आता मूठभरच उरले होते.

संग्राम ज्या चिप कंपनीत होता तिथे धुळीचा एक कण दिसला तर मीटिंग बोलावतात. त्याने दिव्यांचे पितळी बर्नर फिरवून काढून आईसमोर वर्तमानपत्रावर ठेवले, काचेचे दिवे खालच्या कप्प्यात एकमेकांना लागणार नाहीत असे उभे केले, ‘डेलिकेट’ बटण दाबलं आणि कॉल घ्यायला मागच्या अंगणात गेला.

परत येऊन दार उघडलं तेव्हा आधी वाफ आली. वाफ ओसरल्यावर जाळीच्या तळाशी पितळेची कडी दिसली. जुन्या दिव्याच्या काचेच्या गळ्याला एक पितळी कडं असतं, त्यात बर्नर आट्यांनी बसतो, आणि ते कडं काचेला प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवलेलं असतं. प्लास्टरचं गरम पाण्याशी पटत नाही, हे बाबांनी या घरात हजार वेळा सांगितलं असेल. पण या घरात काचेवर इतकं बोललं गेलं होतं की कुणी काही ऐकलेलंच नव्हतं.

“कॅप्स निघाल्या सगळ्यांच्या,” मागून रेणू म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण, पिट्सबर्गला दातांची डॉक्टर.

संग्रामने दार पुन्हा लावून घेतलं, जणू आणखी थोडा वेळ दिला तर दिवे आपले आपण सावरतील.

त्याचा जीव अडकला होता तो एकाच दिव्यात. पांढऱ्या काचेचा पाया, वर निळ्या काचेच्या तेलाच्या दोन वाट्या शेजारी-शेजारी, मध्ये काड्या ठेवायची छोटी डबी. दोन वाट्या, दोन वाती, पाय एक. इथले लोक त्याला लग्नाचा दिवा म्हणत. ओहायोतल्या एका काचेच्या म्युझियमला तो हवा होता, आणि तिथल्या बाई उद्या सकाळी न्यायला येणार होत्या. अटी दोनच : कधीही न पेटवलेला, कुठेही दुरुस्ती न केलेला. संग्रामने शब्द दिला होता, कारण बाबांनी तसं त्याला सांगितलं होतं. त्यालाच. रेणूला नाही, आईलाही नाही.

तो प्रसंग त्याला लख्ख आठवायचा, कारण असे प्रसंग फार नव्हतेच. बाबा युनिव्हर्सिटीत काच शिकवायचे आणि घरी काच बोलायचे. एका सुट्टीत त्यांनी त्याला तळघरात बोलावलं, दिव्याच्या पुढेमागे प्रकाश गाळणाऱ्या पोलरॉइडच्या दोन चकत्या धरल्या आणि डाव्या वाटीच्या गळ्याशी उमटलेले इंद्रधनुष्यी पट्टे दाखवले. हा ताण, ते म्हणाले. मग सगळं सांगितलं. भट्टीतून सळईवर वितळलेल्या काचेचा गोळा यायचा, साच्यावर धरून कात्रीने तेवढाच कापायचा. कमी पडला तर नक्षी अर्धी, जास्त झाला तर कड जाड. मग दांडा ओढून वरून दट्ट्या दाबायचा. साचा थंड असला तर काचेला सुरकुत्या, फार तापला तर काच साच्यालाच चिकटून बसते. पाया असा दाबून करायचा, वाट्या साच्यात फुंकून, आणि दोन्हीचा सांधा गरम असतानाच जोडायचा. शेवटी वेगळ्या भट्टीत सावकाश निववायचं. तिथे कुणी घाई केली की ताण आत राहतो. शंभर वर्षं काही होत नाही. मग एक दिवस कुणीतरी वात लावतं.

“आपण कुणी लावलेली नाही,” बाबा म्हणाले होते, “आणि लावायचीही नाही. हा तू म्युझियमला पोचव.”

बापाने मुलाला दिलेलं हे एवढंच एक काम होतं. ते आता डिशवॉशरमध्ये होतं.

रेणूने दार उघडलं. तिने भावाला हात लावू दिला नाही. एकेक दिवा टॉवेलवर काढताना तिला जाणवलं, की आपण याच्या बाजूने आहोत हे आपल्याला फारसं आवडत नाहीये.

बहीण-भाऊ फोनवर एकमताला आले की समजावं, आईविरुद्ध काहीतरी ठरतंय. या वेळी ठरलं होतं ते असं : लग्नाचा दिवा पेटवायचा नाही. संग्रामची बाजू बाबांची होती. रेणूची बाजू दुधाची होती. एप्रिलमध्ये ती अचानक घरी आली तेव्हा दुधाचं पातेलं कोळसा होऊन गॅसवर बसलेलं, आणि आई तळघरात एका खुर्चीवर, दिव्यांसमोर. काय करतेयस, विचारल्यावर आई म्हणाली, काही नाही, मोजतेय. दिवे मोजून झाले होते. ती तरी बसली होती. तेव्हापासून आईच्या हातात काडी दिसली की रेणू काडेपेटी उचलून ठेवायची.

आणि आईला नेमकी काडीच हवी होती. लग्न होऊन ती इथे आली त्याच उन्हाळ्यात बाबांनी हा दिवा एका गावच्या बाजारातून आणला. तिला वाटलं, आपल्यासाठी. दरवर्षी दिव्यांच्या अवसेला ती म्हणायची, एकदा लावू या ना हो. दरवर्षी बाबा ताणाचं सांगायचे. पुढे समजूत म्हणून त्यांनी बॅटरीवर लुकलुकणाऱ्या दोन मेणबत्त्या आणून वाट्यांवर ठेवल्या. या ओवाळल्या की देव चार्ज होतो का, असं आईने विचारलं होतं, आणि बाबांनी व्होल्टेज सांगितलं होतं.

आता ही शेवटची अवस. संग्रामच्या अपार्टमेंटच्या करारात ज्योत चालत नाही. मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही. वाढदिवसाला सून अदिती केकवर प्लास्टिकचा आकडा लावते. म्हणजे दिवा लागला तर आज संध्याकाळी, नाही तर कधीच नाही, हे सगळ्यांना कळत होतं. त्यामुळे सकाळपासून सगळे हवामानाबद्दल बोलत होते.

तिसरं मत सुलेखा आत्याचं. ती बाबांची थोरली बहीण, एडिसनहून बसने आलेली, आणि येताना एडिसनच्या गुरुजींचा व्हॉइस मेसेज घेऊन आलेली : वर्षाच्या आत सण करायचा नाही. मेसेज तिने जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून सगळ्यांना ऐकवला. मध्ये गुरुजींच्या घरचा कुकर वाजला, तेवढंही तिने थांबवलं नाही. पण आत्यालाही वरच्या पाहुण्यांच्या खोलीत रात्रभर झोप लागली नव्हती. तिथल्या बाथरूमचा नळ कित्येक वर्षं गळत होता. खाली बादली होती. दुरुस्त करा म्हटलं की भावजय शोभना म्हणायची, एम-सील आणून ठेवलं होतं मी मिरजेहून, तुमच्या भावाने हरवलं. आणि भाऊ संजय म्हणायचा, मी हात लावला नाही. प्लंबर बोलावणं म्हणजे एकाची हार झाली असती, म्हणून बादली. रात्री आत्या त्या टपटपीकडे कान देऊन पडली होती. नळ गळतोय तोवर निम्मं भांडण अजून चालूच आहे, आणि भांडायला तो असायला हवा, असं काहीतरी तिच्या डोक्यात येत राहिलं.

आता ती स्वयंपाकघरात आली आणि टॉवेलवर ओळीने ठेवलेले, निथळणारे दिवे तिने पाहिले.

“यांना आंघोळ घातली?” तिने विचारलं.

“आंघोळ म्हणजे… डेलिकेट सायकल,” संग्राम म्हणाला.

“गरम पाण्याने?”

“हो.”

“साबण लावून?”

“लिक्विड.”

आत्या खुर्चीवर बसली. कंदिलाची काच राखेने पुसायचं काम लहानपणी तिचं होतं, आणि फोडायचं काम संजयचं. प्रत्येक फुटलेल्या काचेचा मार तिने खाल्ला होता, आणि तो पुढे जाऊन काचेचाच प्रोफेसर झाला, ही तिला देवाने केलेली थट्टा वाटायची. तिने पदराने एका दिव्याचं बूड पुसलं. मग दुसऱ्याचं.

“मग पुजायलाच लागतील,” ती म्हणाली. “न्हाऊ घालून देवाला कुणी ओलं ठेवून देतं का?”

“आत्या, पण गुरुजी…”

“गुरुजींनी सण करू नका म्हटलंय. धुतलेल्याचं काय करायचं ते कुठे सांगितलंय? आणि धुतले कुणी? तूच ना?”

अशा रीतीने आत्या आईच्या पक्षात गेली, आणि तिला तिकडे पोचवायला लागलेलं पाणी संग्रामनेच तापवलं होतं, हे तिने दिवसभरात त्याला आणखी दोनदा ऐकवलं.

शोभना टेबलाच्या टोकाशी बसून चिंचेच्या कोळाने बर्नर घासत होती. संजय असता तर त्याने तिचा हात धरला असता. जुन्या पितळेवरचा काळपटपणा म्हणजे इतिहास, असं तो म्हणायचा. इतिहास घासायला तिला नेहमीच आवडायचं. शेजारी परातीत गूळ घालून भिजवलेली कणीक झाकून ठेवली होती, अवसेच्या गोड दिव्यांसाठी. दुसऱ्या वाडग्यात उरलेली साधी कणीक.

रेणू लग्नाचा दिवा घेऊन खिडकीशी गेली होती. उजव्या वाटीचं कडं निघालं होतं, गळ्याशी ओल्या प्लास्टरचा पांढरा चिखल राहिला होता. डाव्या वाटीचं कडं जागच्या जागी. तिने ते हलवून पाहिलं. हललं नाही. मग नखाने कडेची रेष खरवडली.

“दादा, ही फिलिंग वेगळी आहे.”

“म्हणजे?”

“बाकीच्यांचं प्लास्टर आहे. हे नाहीये. हे कुणीतरी नंतर भरलंय.”

संग्रामने फोनचा टॉर्च लावला. कडं आणि काच यांच्या मधून राखाडी, टणक काहीतरी डोकावत होतं. इपॉक्सी असावं, तो म्हणाला. पण बाबा तर म्हणायचे जसाच्या तसा आहे. बाबांनी जगभरच्या दिवेवाल्यांना भाषणं दिली होती, की इपॉक्सी लावणाऱ्या माणसाला काचेच्या जवळ येऊ देऊ नये.

शोभना चिंचेच्या हातानेच उठली. तिने दिवा उजेडाला धरला, राखाडी रेषेवरून अंगठा फिरवला.

“हे एम-सील आहे,” ती म्हणाली.

 वर नळ टपकत होता. तो आता जरा जास्तच ऐकू येत होता.

“नळाचं?” आत्याने विचारलं.

शोभना परत टेबलाशी गेली. वर्तमानपत्रावर लग्नाच्या दिव्याचे दोन बर्नर जोडीने पडले होते. अजून घासायचे राहिले होते. एकातली वात पांढरी, कोरी, विणीचा काठ शाबूत. दुसरीचं टोक काळं. जळून थोडंसं कुरतडल्यासारखं झालेलं.

ते पाहून तिला एक फोन आठवला.

एका वर्षी ती उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत मिरजेला होती. वडील अंथरुणावर होते. संग्राम कॉलेजात, रेणू समर कॅम्पला, आणि हा घरात एकटा. रोज फोन करायचा. काय बोलावं ते त्याला कळायचं नाही, म्हणून तापमान सांगायचा. इथलं आणि तिथलंही; तिथलं तो इंटरनेटवर बघायचा, आणि मिरजेत आज किती गरम आहे ते मिरजेत बसलेल्या बायकोला कळवायचा. एक दिवस त्याने मध्येच विचारलं, दिव्यांची अवस कधी असते गं? या माणसाला मंगळवार कधी असतो तेही माहीत नसायचं. हॉस्पिटलचा व्हरांडा होता, नर्स हाका मारत होती. ती म्हणाली, झाली असेल, मला काय माहीत, इथे सलाइन संपतंय. तो म्हणाला, बरं, बरं. मग मिरजेचं तापमान सांगून त्याने फोन ठेवला होता.

“त्याने लावला होता,” ती म्हणाली. आयुष्यभर मुलांसमोर तिने नवऱ्याला अहोजाहो केलं होतं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. “मी मिरजेला होते तेव्हा. लावला, कडं सुटलं, आणि हातात सापडलं ते थापून ठेवलं. आणि मला म्हणाला, मी हात लावला नाही.”

“एकच वात लावली पण,” रेणू म्हणाली. “दोन का नाही?”

“डावी लावली ना?” आत्या म्हणाली. “डावी बायकोची. पूजेला बायको डावीकडेच बसते.”

“आत्या, दिवा फिरवला की ती उजवी होते,” संग्राम म्हणाला. एवढ्या वेळात त्याला सुचलेलं हे पहिलं वाक्य होतं.

“मग फिरवू नकोस.”

संग्राम सिंकशी जाऊन उभा राहिला. बाबांनी त्याला तळघरात बोलावलं ते त्या उन्हाळ्यानंतरचं होतं. म्हणजे ‘आपण कुणी लावलेली नाही’ म्हणताना त्यांना एम-सील कुठे आहे ते माहीत होतं. ताण दाखवला तोही डाव्याच वाटीतला. दट्ट्या, साचा, कात्री, सगळं तासभर सांगितलं, आणि हे एवढं सांगितलं नाही. म्युझियमच्या काचेआड गेला की कुणी नखाने खरवडणार नाही, असा हिशोब असेल. त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला दिसत राहिलं, की काचेतला ताण रंगांत पाहू शकणारा हा माणूस एका अमावास्येला रिकाम्या घरात नेमक्या त्याच वाटीपाशी काडी ओढतोय, आणि गुगलवर मिरजेचं तापमान उघडं आहे.

त्याने फोन काढला आणि ओहायोच्या बाईंना मेल लिहिला : दिवा पूर्वी पेटवलेला आहे, आणि त्याची दुरुस्ती भारतीय नळजोडणीच्या मसाल्याने झालेली आहे, असं आज कुटुंबाच्या लक्षात आलं. आपल्या अटींत तो बसत नाही. तसदीबद्दल क्षमस्व. पाठवला. मग तो गॅरेजमध्ये गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की बाबा कुठे काय लपवतील ते आपल्याला ठाऊक आहे. बर्फावर टाकायच्या मिठाच्या पोत्यांमागे दिव्याच्या तेलाची बाटली होती. सील तोडलेली, थोडीशीच कमी झालेली.

बाटली टेबलावर ठेवून तो म्हणाला, “आई, पण तडकला तर? ताण खरा आहे. मी बघितलाय.”

“त्याला माहीत नव्हता का ताण?” शोभना म्हणाली.

यावर रेणूने पाण्याचं पातेलं भरून टेबलाखाली ठेवलं, ओला टॉवेल हाताशी घेतला आणि कोरी काडेपेटी आईसमोर सरकवली. तिने बाजू बदलली ती एवढीच.

उजव्या वाटीचं कडं बसवायला घरात प्लास्टर नव्हतं, आणि एम-सील कुठे आहे ते आता सगळ्यांना माहीत होतं. शोभनाने वाडग्यातल्या साध्या कणकेची वळी केली, काचेच्या गळ्याभोवती फिरवली आणि त्यावर कडं दाबून बसवलं. कणीक उष्णतेला टिकेल का, असं संग्रामने विचारलं. रेणू म्हणाली, टेम्पररी सिमेंट आहे, आजच्यापुरतं चालेल, यावर चावू नका.

संध्याकाळ लांबलेली होती, इथल्या उन्हाळ्यात असते तशी. पाटावर समई, निरांजनं, आणि कडी नसलेले बाकीचे काचेचे दिवे, कवळ्या काढून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. त्यांच्यापुढे गुळाचे वाफवलेले दिवे. आत्या आगीच्या अलार्मखाली स्टुलावर चढून, धूर हाकायला टॉवेल घेऊन उभी होती. हे काम तिने कुणी न सांगता पत्करलं होतं, आणि तिथूनच ती हळदकुंकू कुठे लावायचं ते सांगत होती. मध्यभागी लग्नाचा दिवा. फिरवायचा नाही अशी सक्त ताकीद असलेला.

शोभनाने वाट्यांत तेल ओतलं, बर्नर बसवले, काडी ओढली. रेणूने तिचा हात धरला नाही. जळकी वात जुनी होती, एकदा तेल प्यायलेली होती. ती लगेच पेटली. निळ्या काचेतून उजेड पाटावर पडला. चौघंही गळ्याकडे बघत राहिली. तडकण्याचा आवाज कसा असतो ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक आवाज तोच वाटत होता. वर नळ टपकला तेव्हा संग्राम दचकला.

काही झालं नाही. काच होती तशी राहिली.

मग तिने दुसरी काडी उजव्या वातीला लावली. वात नुसतीच करपली, आणि काडी संपली. कोऱ्या वातीला तेल ओढायला वेळ लागतो, संग्राम म्हणाला, आपण आधी भिजवायला हवी होती. तो बर्नर काढायला पुढे झाला. दोन मिनिटांचं काम आहे, वात उलटी बुडवून देतो, म्हणाला.

“राहू दे,” शोभना म्हणाली. तिने काडेपेटी मांडीवर घेतली आणि पाटासमोर नीट बसली. डाव्या बाजूला. “त्याला कुठेही निघायला वेळच लागायचा.”

बाहेर अजून उजेड होता. आत्या टॉवेल धरून स्टुलावर तशीच थांबली. उजव्या निळ्या वाटीतलं तेल वातीतून किती वर आलंय ते बाहेरून दिसत होतं, आणि शोभना तेवढंच बघत होती.